भोंग्यावरून आलेलं पाणी

"तुमचा कान हाय का पत्र्याचा डबा हाय?" कमरबी म्हणाली, आणि हातातली रिकामी कळशी तिनं पायरीवर अशी आदळली की समोरच्या बाईच्या खांद्यावरचं तान्हं पोर जागं झालं.

"कान चांगलाच हाय माझा," हुसेनसाब म्हणाले. "एकतीस वर्षं ह्याच कानावर आर्धं सोलापूर पाणी प्यालं."

"आन आज त्याच कानानं आर्धं सोलापूर जत्रेतनं उठवून कोरड्या नळाम्होरं आणून बसवलं की!"

"अगं, पण माझंबी तिकीट वाया गेलंच न्हवं पाळण्याचं? मी काय लई मजा मारली व्हय?"

यावर कमरबी नळाकडे बघत बसली. हुसेनसाबांना वाटलं, मुद्दा बरोबर बसला. म्हणून त्यांनी तो लगेच आणखी दोनदा सांगितला. (नवऱ्याला भांडणात एक मुद्दा सापडला की तो त्याला जेवायला, झोपायला, दुसऱ्या दिवशी चहालाही पुरतो.)

आता ही दोघं घरात एरवी दखनी बोलतात. मीठ कमी पडलं, चष्मा सापडत नाही, लेकीचा, मेहनाजचा, पुण्याहून फोन आला, असलं सगळं दखनीत. पण कमरबीला जेव्हा गल्लीला साक्षीदार धरायचं असतं तेव्हा ती मराठीवर येते. तिचं मराठी सुरू झालं की गल्लीतले लोक टीव्हीचा आवाज कमी करतात.

त्या संध्याकाळी आवाज कमी करायला कुणी घरात नव्हतंच. सगळी गल्ली बाहेर उभी. साडेआठ वाजलेले, जानेवारीतली थंडी, आणि प्रत्येक दारापुढे घागरी, बादल्या, पिंपं ओळीनं मांडलेली. लोक मात्र नटलेले. शेजारच्या नागव्वाच्या डोक्यात अबोलीचा गजरा. चनमल्लप्पांच्या हातात तेलकट कागद आणि त्यात अर्धी खाल्लेली मिरची भजी. कुणाच्या हातात फुगा, कुणाच्या हातात नवी चाळणी. सगळे गड्ड्याच्या जत्रेतून पळत आलेले, आणि सगळे हुसेनसाबांकडे बघत होते. चपला काढायचं त्राणही कुणात राहिलं नव्हतं. नाहीतर त्या चपलांचं काय झालं असतं, मी सांगत नाही.

हुसेनसाब कोण, ते आधी सांगायला पाहिजे.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. पाळीनं येतं. चार दिवसांनी, पाच दिवसांनी, लहर लागली तर सहा. इथं पोराचं लग्न ठरलं की भटजीच्या आधी पाण्याची पाळी बघतात. अशा गावात चावीवाला म्हणजे कोण, हे बाहेरच्याला कळायचं नाही. माणसाच्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो येतो, रस्त्यातलं झाकण उघडतो, खालचा व्हॉल्व्ह फिरवतो आणि एका गल्लीला पाणी सुटतं. हुसेनसाब एकतीस वर्षं चावीवाले होते. त्यांची एक खास रीत होती. चावीचं खालचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, वरच्या टोकाला कान लावायचा, डोळे मिटायचे, आणि सांगायचं, "वेशीपाशी आलं. आता उजवीकडं वळलं. बादल्या लावा." आणि पाणी यायचं. लोक त्यांना चहा द्यायचे. बायका पोरांना दाखवायच्या, बघ रे, ह्यांना पाणी ऐकू येतं.

रिटायर होऊन तीन वर्षं झाली. चावी गेली, तिच्या जागी गुडघेदुखीची काठी आली, पण कान राहिला. अजूनही गल्ली हुसेनसाबांनाच विचारते, "उद्या का परवा?" आणि हुसेनसाब बशीतला चहा संपवून मगच उत्तर देतात. तेवढाच एक मान आता शिल्लक आहे. घरात कुणी त्यांना काही विचारत नाही.

आणि कमरबी? कमरबी चौदाव्या वर्षापासून टॉवेलच्या गोंड्यांना गाठी मारते. लाखभर तरी टॉवेल तिच्या बोटांखालून गेले असतील. तिची एकच हौस. संक्रांतीला होम मैदानावर सिद्धेश्वराची जत्रा भरते, आमचा गड्डा, त्यातल्या आकाशपाळण्यात बसायचं आणि पूर्ण फेरी मारायची. वरून सोलापूर बघायचं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तेवढेच गड्डे झाले, आणि कमरबी अजून जमिनीवरच.

कारण दरवर्षी हुसेनसाबांना पाळण्याच्या रांगेत काहीतरी आठवायचं. पहिल्या वर्षी एक व्हॉल्व्ह गळत होता. दुसऱ्या वर्षी चप्पल तुटली. एका वर्षी त्यांना रांगेत दूरचा मामा दिसला, त्याच्या मागे गेले ते दोन तासांनी आले. (मामा वारून सहा वर्षं झाली होती.) खात्यातले बाकीचे लोक उंच टाकीवर शिडीनं चढून पाणी बघायचे. हुसेनसाब खाली उभं राहून कानानं सांगायचे. लोकांना वाटायचं, काय कला आहे! आता मी म्हातारी बाई, मला कुणाची भीड नाही, म्हणून सांगते. बाईला भीती वाटली की ती म्हणते, मला भीती वाटते. पुरुषाला काम आठवतं.

यंदा कमरबीनं सकाळी गाठी मारता मारताच जाहीर केलं, "आज मी पाळण्यात बसणार हाय. माझंबी गुडघं आता दुखाय लागलेत. पुढल्या वर्षी चढता आलं न्हाय तर?"

"बस की," हुसेनसाब म्हणाले. "कोण नको म्हणतंय?"

"आन पाणी?"

"पाणी उद्या हाय."

"नक्की?"

"मी सांगतोय न्हवं!"

दार उघडं होतं. नागव्वानं ऐकलं. नागव्वानं ऐकलं म्हणजे चनमल्लप्पांनी ऐकलं, कारण ती त्यांची बायको, आणि चनमल्लप्पांनी ऐकलं म्हणजे गल्लीनं ऐकलं, कारण ते किराणा दुकानदार. हुसेनसाब म्हणालेत, पाणी उद्या. संध्याकाळी सहाला सगळ्या गल्लीनं कुलपं लावली आणि गड्ड्याला निघाली. घरात थांबायला म्हाताऱ्यासुद्धा राहिल्या नाहीत.

गड्डा आता पूर्वीसारखा राहिला नाही असं सगळे म्हणतात आणि सगळे जातात. धूळ, भजीचा वास, दहा दुकानांची दहा गाणी एकात एक मिसळलेली. कमरबीनं आणि नागव्वानं चिनीमातीच्या बरण्यांची दुकानं तीनदा पालथी घातली आणि शेवटी पहिल्याच दुकानातली पहिलीच बरणी घेतली. ती धरायला हुसेनसाब. हसऱ्या आरशांच्या तंबूत त्यांना स्वतःचं पोट घागरीएवढं दिसलं, तेव्हासुद्धा काखेत बरणी होतीच. तासाभरात त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना दोनदा विचारलं, घरी कधी जायचं? त्यांनी गुडघ्यांना सांगितलं, हे तिला विचारा.

आणि मग पाळणा आला.

"तिकीट मी काढते," कमरबी म्हणाली, आणि खिडकीत हात घालून मूठ मिटूनच परत आली. नागव्वानं तिचं वेगळं काढलं. तिघं रांगेत उभी राहिली.

हुसेनसाबांनी वर बघितलं. बघायला नको होतं. तो पाळणा खालून सुरू होत होता आणि कुठं संपत होता ते दिसत नव्हतं. लाल, हिरवे दिवे गरगरत होते. वरून बायकांच्या किंकाळ्या येत होत्या, आणि किंकाळ्यांपाठोपाठ कुणाची तरी चप्पल आली, ती हुसेनसाबांच्या पायांपुढेच पडली. जानेवारीच्या थंडीत त्यांच्या टोपीखाली घाम आला. चप्पल पडते, मग माणूस का पडणार नाही? पुढे आता सहाच माणसं होती. मग चार.

"मी जरा व्हॉल्व्ह बघून येतो," हुसेनसाब म्हणाले.

"कुठला व्हॉल्व्ह?"

"हितंच हाय एक, मैदानाच्या कडेला. आपल्याकडची लाईन तितनंच जाती."

"तुमी रिटायर झालाय."

"व्हॉल्व्ह कुटं रिटायर झालाय?"

"जावा," कमरबी म्हणाली.

इतक्या सहज म्हणाली की दुसरा कुणी असता तर थबकला असता. हुसेनसाब थबकले नाहीत. बरणी तिच्या हातात देऊन, "तुमी बसा, मी आलोच, माझं तिकीट ठिव" असं म्हणत ते गर्दीत असे शिरले की गुडघेदुखीवाल्याला शोभणार नाही.

व्हॉल्व्ह होता. एका मोठ्या गोल लाकडी खेळाच्या मागे, कनातीला लागून. हुसेनसाबांना दहा मिनिटं काढायची होती, तेवढ्यात पाळणा सुटला असता आणि ते हळहळत परत आले असते. पण झाकण दिसलं की माणसाचा हात राहतो का? त्यांनी काठीचं टोक झाकणावर टेकवलं, मुठीला कान लावला आणि डोळे मिटले.

आणि आवाज आला. काय आवाज! घूंऽऽ करून खालून उठला, जवळ आला, लांब गेला, परत जवळ आला. जमीन थरथरली. इतकं पाणी त्यांनी सगळ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. हुसेनसाबांच्या अंगावर काटा आला. पाणी सुटलं! उद्याचं आज सुटलं! आणि सगळी गल्ली कुलपं लावून इथं भजी खात बसली आहे, आपल्या शब्दावर! एक मन म्हणालं, पाणी असं जवळ येऊन लांब कसं जाईल? दुसरं मन म्हणालं, कमरबीला आता पाळण्यातून उतरावंच लागेल, आणि आपल्याला चढायला नको. त्यांनी दुसऱ्या मनाचं ऐकलं.

हरवलेल्या माणसांसाठी जिथून पुकारा करतात त्या मांडवात एक जाडेसे गृहस्थ मफलर गुंडाळून बसले होते.

"कोण हरवलंय?"

"हरवलं न्हाय. आलंय."

"सापडलंय? मग घरी न्या की."

"पाणी आलंय!"

गृहस्थांनी मफलर कानावरून काढला. "कुठं?"

हुसेनसाबांनी पेठेचं नाव सांगितलं.

"तुम्ही कोण?"

"हुसेनसाब. चावीवाला."

"ते कानवाले?" गृहस्थ उभेच राहिले. मग भोंग्यातून सगळ्या होम मैदानावर, दहा गाण्यांच्या वर, आवाज घुमला, "ऐका हो ऐका! चावीवाले हुसेनसाब कळवतात की त्यांच्या पेठेत पाणी सुटलेलं आहे. परत सांगतो, पाणी सुटलेलं आहे…" आणि मग खुर्ची पडल्याचा आवाज आला. परत सांगायला गृहस्थ राहिले नाहीत. तेही त्याच पेठेतले.

क्षणभर काहीच झालं नाही. मग कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" दुसरीकडून, "नीरु बंतु!" तिसरीकडून, "नीळ्ळु वच्चिनाय!" चौथीकडून, "पानी आया रे!" ह्या गावात चार भाषा आहेत आणि चारीत हे एकच वाक्य तान्ह्या पोरालाही कळतं. भजीच्या गाड्यापुढची रांग मोडली. एक गृहस्थ दाढीला साबण लावलेल्या चेहऱ्यानं धावताना दिसले. जत्रेत ते कुणाकडं दाढी करत होते ते अजून कळलेलं नाही. ज्यांची पेठ दुसरी होती तेही पळाले, उगीच धोका कशाला? रिक्षात पाच-पाच, सहा-सहा माणसं.

आणि कमरबी त्या वेळी सगळ्यात वर होती.

पाळणा अजून भरतच होता. एकेक पाळणा भरायचा आणि चाक थोडं पुढं सरकवायचं. तिचा पाळणा नेमका टोकाला येऊन थांबलेला. खाली सगळं सोलापूर दिव्यांचं पसरलेलं, सिद्धेश्वराचं तळं काळं आणि चमकतं. कमरबीनं मांडीवर बरणी धरून एक मोठा श्वास घेतला. चौतीस वर्षांचा श्वास. तो सोडायच्या आत भोंग्यातून तिला नवऱ्याचं नाव ऐकू आलं.

"अय्यो, उतरवा!" शेजारी नागव्वा किंचाळली. "घागरी रिकाम्या हायत!" तिचं ऐकून प्रत्येक पाळण्यातून तोच गलका. पाळणेवाला घाबरला. त्याला वाटलं, चाकालाच काही झालं. त्यानं चाक उलटं फिरवून एकेकाला उतरवलं. पूर्ण फेरी कुणाचीच झाली नाही. कमरबी गेली तशीच, मागच्या मागे खाली आली.

घरी येऊन बघतात तर नळ कोरडा. तोंड लावून ओढला तरी नुसती हवा.

तर असं ते भांडण. दीड तास चालू होतं. मधे मधे दम खायला थांबत होतं. शेवटी चनमल्लप्पांनी कागदातली गार भजी खाली ठेवली आणि उलटतपासणी घेतली.

"हुसेनसाब, ऐकलं कुटं तुमी?"

"व्हॉल्व्हवर."

"व्हॉल्व्ह कुटं हाय?"

"मैदानाच्या कडेला. त्या लाकडी खेळाच्या मागं."

"कुठला लाकडी खेळ?"

हुसेनसाब टोपी नीट करू लागले.

"मौत का कुआ?" नागव्वानं विचारलं. "त्ये फटफट्या गोल-गोल फिरवत्यात, त्ये?"

हुसेनसाबांनी काठीच्या मुठीकडं बघितलं. घूंऽऽ करून जवळ येणं. लांब जाणं. परत जवळ येणं. आपल्या मनालासुद्धा एका माणसानं किती फसवावं!

"तीन फटफट्या ऐकून आमाला घरी आणलं व्हय तुमी?" चनमल्लप्पा म्हणाले, आणि गल्लीत जे काही उसळलं ते लिहिण्यासारखं नाही. हसणारे कमी आणि दमलेले जास्त होते. एकजण म्हणाला, आता हुसेनसाबांना पाण्याचं विचारायचं नाही, पेट्रोलचं विचारायचं. सगळ्यांनी घागरी उचलायला सुरुवात केली. हुसेनसाबांना त्या घागरी उचललेल्या बघवेनात. एकतीस वर्षांचा कान तीन फटफट्यांनी नेला. आता उद्यापासून दारात चहा घेऊन कोण येणार? ते दारातल्या खाटेवर, काठीवर हनुवटी टेकून बसून राहिले.

आणि तसं बसल्या बसल्या त्यांना ऐकू आलं.

खूप लांबून. बारीक. जवळ येतंय, आणि लांब जात नाही. वळतंय.

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं? ह्या लोकांना? आज? त्यांनी चोरून कमरबीकडं बघितलं. ती नळाकडेच बघत होती. हुसेनसाब अल्लाचं नाव घेत गप्प बसले. मग नळ एकदा खोकला. दुसऱ्यांदा खोकला, लाल गढूळ पाण्याची पिचकारी उडाली, आणि मग धो धो सुरू झालं.

"नीरु बंतु!" नागव्वा गजऱ्यासकट नळाकडे धावली.

सगळी गल्ली घागरींवर पडली. पाळीचं पाणी आणि सगळे घरात! गड्ड्यातच बसले असते तर एका घरात थेंब राहिला नसता. भरलेली पहिली बादली उचलताना चनमल्लप्पांच्या ते ध्यानात आलं. "आरं, ह्यांनी भोंगा वाजवला म्हणून आपण घरी हाय की! न्हायतर उद्या बोंब होती!" मग हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं. कुणीतरी चहा आणला. उरलेली अर्धी भजीही चनमल्लप्पांनी हुसेनसाबांपुढं केली.

हुसेनसाब चढले. खाटेवर नीट मांडी घालून बसले.

"मी काय म्हणत हुतो? पाणी सुटलं हुतंच. फकस्त वाटेत हुतं. रिक्षापेक्षा पाणी हळू चालतं, हे खात्यातल्या माणसालाच म्हाईत." त्यांनी चहा बशीत ओतला. "फटफट्या म्हणं! आन समदे मलाच बोलले. माझं नुसकान कुणी बघितलं न्हाय. मलाबी वर बसायचं हुतं की! मलाबी सोलापूर बघायचं हुतं! पण गल्लीपायी माझंबी तिकीट वाया गेलं, त्येचं काय?"

कमरबी सातवी घागर भरून आत ठेवून बाहेर आली. पदरानं हात पुसले. तिचे गुडघे दुखत होते, पाठ दुखत होती, आणि पायरीवर नवी बरणी तशीच कागदात होती. ती नवऱ्यासमोर उभी राहिली. आता जे बोलायचं ते दखनीतही बोलता आलं असतं. घरातल्या घरात राहिलं असतं. पण ती मराठीतच बोलली, आणि गल्लीतल्या सगळ्या बादल्या एकदम थांबल्या.

"मेहनाजचे अब्बा, उद्या मी परत जाणार हाय पाळण्यात, तुमी हितंच नळापाशी बसा, आन तुमच्या तिकिटाची लई काळजी करू नका, आजबी मी एकच काढलं हुतं."